बोर्डी

बोर्डी हे महाराष्ट्र राज्याच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर वसलेले गाव आहे. महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेलगतचे हे गाव चिकूच्या बागा, सुरूची बने आणि ओहोटीच्या वेळी दूरवर उघडा पडणारा सपाट किनारा यांसाठी ओळखले जाते. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात मात्र बोर्डीचे स्थान वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. १९२० साली येथे सुरू झालेली माध्यमिक शाळा हे उत्तर कोकणच्या ग्रामीण भागातील आधुनिक शिक्षणाच्या जुन्या केंद्रांपैकी एक होय. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली येथे स्थापन केलेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्रातून 'अंगणवाडी' ही कल्पना विकसित झाली, आणि पुढे हाच शब्द देशव्यापी शासकीय योजनेने स्वीकारला. गावातील व परिसरातील प्राथमिक शिक्षण पालघर जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येते.

भौगोलिक स्थान

बोर्डी हे तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या डहाणूच्या उत्तरेस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर आहे. पश्चिम रेल्वेवरील घोलवड हे सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक होय. मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंतच धावत असल्याने घोलवडला जाण्यासाठी प्रवासी गाड्यांवर अथवा डहाणूहून किनारी रस्त्याने येणाऱ्या वाहनांवर अवलंबून राहावे लागते. गावाच्या उत्तरेस झाई हे मासेमारांचे गाव असून त्यापलीकडे गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातील उंबरगाव तालुका सुरू होतो.

परिसराचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. समुद्र आणि रेल्वेमार्ग यांच्यामधील पट्टा सखल, पाण्याने समृद्ध आणि बागायती आहे. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस जमीन हळूहळू चढत जाऊन डोंगराळ व जंगली होते. या भागात वारली व इतर आदिवासी समाजांचे पाडे विखुरलेले आहेत. एकाच महसुली गावात चार-पाच किंवा त्याहून अधिक पाडे असणे आणि त्यांच्यामध्ये ओढे, शेते व डोंगर असणे ही येथील सर्वसाधारण स्थिती होय. शाळा कोठे असावी आणि मुले तेथपर्यंत कशी पोहोचावीत, हा प्रश्न या भूरचनेमुळेच येथे नेहमी कळीचा राहिला आहे.

इतिहास

बोर्डीच्या जवळच्या डोंगरावर बहारोट (बारड) येथील लेणी आहेत. पारशी परंपरेनुसार संजाणवर आक्रमण झाल्यानंतर पवित्र इराणशाह अग्नी बारा वर्षे या डोंगरात सुरक्षित ठेवण्यात आला होता. हाच अग्नी पुढे वांसदा व नवसारी येथे आणि १७४२ साली उदवाड्यास नेण्यात आला. त्यामुळे हा परिसर पारशी समाजासाठी श्रद्धास्थान आहे.

सोळाव्या शतकापासून उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता व वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला. त्याच मोहिमेत डहाणू, तारापूर आदी किनारी ठाणीही मराठ्यांकडे आली. १८१८ साली पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला व ठाणे जिल्ह्याचा भाग झाला.

१८६०च्या दशकात मुंबईस गुजरातशी जोडणारा रेल्वेमार्ग या भागातून गेला. मुंबईची बाजारपेठ जवळ आल्यामुळे किनारपट्टीत बागायती वाढली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इराणी व पारशी बागायतदारांनी घोलवड परिसरात चिकूची लागवड सुरू केली. याच काळात डोंगरपट्टीतील वारली शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर सावकार व जमीनदारांकडे गेल्या होत्या. जंगलविषयक कायद्यांमुळे जंगलावरचे त्यांचे पारंपरिक हक्कही आकुंचित झाले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने जमीनदाराकडे राबण्याची 'लग्नगडी' ही पद्धत आणि विनामोबदला वेठ यांखाली हा समाज भरडला जात होता. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ सालच्या अहवालात या स्थितीची नोंद आहे. मे १९४५ मध्ये बोर्डीपासून जवळच असलेल्या झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांची परिषद भरली. शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याने वेठबिगारीला निर्णायक आव्हान दिले. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात या लढ्याचे वर्णन आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये स्वतंत्र झाली तेव्हा उंबरगाव गुजरातमध्ये गेले आणि बोर्डी हे महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील सीमेजवळचे गाव ठरले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यात पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा या आठ तालुक्यांचा समावेश आहे.

लोकजीवन व अर्थव्यवस्था

बोर्डी व परिसरात वाडवळ, मांगेला, वारली, धोडी, दुबळा, पारशी, इराणी व गुजराती भाषक अशा विविध समाजांची वस्ती आहे. मराठी व गुजराती या दोन्ही भाषा बाजारात सहज चालतात; वाडवळी, मांगेली व वारली या बोली घराघरांत बोलल्या जातात. वारली बोलीला स्वतंत्र लिपी नाही. मराठीशी जवळचे नाते असूनही तिच्यावर गुजरातीचा प्रभाव जाणवतो.

बागायती, मासेमारी व पर्यटन हे येथील प्रमुख व्यवसाय होत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बोर्डी येथे भरणारा चिकू महोत्सव पर्यटकांचे आकर्षण ठरला आहे. केंद्र सरकारने १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केल्याने मोठ्या व प्रदूषणकारी उद्योगांवर मर्यादा आली. त्यामुळे बागायतीचे रक्षण झाले, तथापि तालुक्यातील तरुणांना रोजगारासाठी बोईसर, वापी, उंबरगाव व वसई-विरारकडे जावे लागते.

तालुक्यातील वारली चित्रकला जगभर ओळखली जाते. गंजाड येथील चित्रकार जिव्या सोमा मशे (निधन २०१८) यांना २०११ साली पद्मश्री पुरस्काराने सन्मानित करण्यात आले.

शिक्षण

माध्यमिक शाळा

प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९१८ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मरणार्थ गोखले एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली. या संस्थेने १९२० साली बोर्डी येथे माध्यमिक शाळा सुरू केली. ही शाळा 'सुनाबाई पेस्तनजी हकीमजी विद्यालय' या नावाने ओळखली जाते. शाळेच्या नावात पारशी दातृत्वाची खूण आहे, तर तिच्या उभारणीत स्थानिक बागायतदार व शेतकरी समाजाचा सहभाग आहे. त्या काळी माध्यमिक शिक्षणासाठी या भागातील मुलांना मुंबई किंवा अन्य मोठ्या शहरांत जावे लागे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण गावातच मिळू लागल्याने किनारपट्टीतील अनेक कुटुंबांची पहिली शिकलेली पिढी या शाळेतून तयार झाली.

शाळेच्या जडणघडणीत आचार्य शं. रा. भिसे यांचा वाटा मोठा आहे. पुस्तकी अभ्यासक्रमास शरीरश्रम, शेती व समाजसेवा यांची जोड देण्यावर त्यांचा भर होता. राष्ट्रीय चळवळीच्या काळात बोर्डी हे या विचारांचे एक केंद्र बनले. बाळासाहेब (बा. गं.) खेर यांनी १९४० साली ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. भिसे यांनी या कार्यात सहभाग घेऊन आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. शाळा किनारपट्टीवर असली तरी तिचे दार डोंगरपट्टीतील मुलांसाठीही उघडले पाहिजे, ही भूमिका बोर्डीत या पिढीने रुजवली. ताराबाई मोडक यांना आपल्या ग्रामीण प्रयोगासाठी बोर्डी हे गाव अनुकूल वाटले, त्यामागे ही पूर्वतयारी होती.

गोखले एज्युकेशन सोसायटीने पुढे तालुक्यातील कोसबाड येथे कृषी शिक्षण सुरू केले व तेथे कृषी विज्ञान केंद्रही कार्यरत आहे. बोर्डी येथे संस्थेचे विज्ञान महाविद्यालय आहे, त्यामुळे बालवाडीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण गावाच्या परिसरात उपलब्ध झाले.

ग्राम बाल शिक्षा केंद्र

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२०च्या दशकात भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा तेथे भारतीय परिस्थितीस अनुसरून वापर होत असे. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईच्या दादर भागात शिशुविहार सुरू केले. शहरी मध्यमवर्गातील मुलांसाठी हे काम यशस्वी ठरले; परंतु महागडी साधने, स्वतंत्र इमारत आणि प्रशिक्षित शिक्षिका यांवर उभी असलेली बालशाळा खेड्यातील गरीब मुलापर्यंत कशी पोहोचेल, या प्रश्नाने त्यांना ग्रामीण भागाकडे वळवले. १९३७ नंतर महात्मा गांधींच्या नई तालीम विचारामुळे पूर्वप्राथमिक शिक्षण खेड्यास परवडेल अशा स्वरूपात आणण्याची चर्चा देशात सुरू झालीच होती.

१९४५ साली बोरिवली येथील शिबिरात ताराबाईंची अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्याशी भेट झाली. अनुताईंचा जन्म पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि अल्पावधीतच वैधव्य आल्यानंतर त्या शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत अध्यापन करीत असतानाच त्यांनी रात्रशाळेतून मॅट्रिकची परीक्षा दिली. बोर्डीला येण्याचे ताराबाईंचे निमंत्रण त्यांनी स्वीकारले आणि त्याच वर्षी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. वयाने १८ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताराबाईंच्या त्या सहकारी तर झाल्याच, पुढे त्यांच्या कार्याच्या वारसदारही ठरल्या.

अंगणवाडीची कल्पना

केंद्राने प्रथम गावात मध्यवर्ती बालवाडी सुरू केली. तिला गावातील स्थिरस्थावर कुटुंबांचा प्रतिसाद मिळाला, परंतु आदिवासी वस्तीतील मुले तेथे येईनात. त्याची कारणे साधी होती. घर दूर, अंगावर धड कपडा नाही, आई-वडील पहाटेच मजुरीला गेलेले आणि पाठचे भावंड कडेवर. ज्या मुलांना शिक्षणाची सर्वाधिक गरज होती त्यांच्यासाठी बालवाडीचे अंतर ओलांडणे अशक्य होते.

यावर केंद्राने उपाय योजला तो अंतराची दिशा बदलण्याचा. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जात, एखाद्या घराचे अंगण झाडून घेत, मुलांना हाका मारून गोळा करीत. मुलांचे हातपाय धुणे, केस विंचरणे व नखे कापणे यांपासून दिवस सुरू होई. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ आणि मोजण्या-ओळखण्याचे उपक्रम होत. माँटेसरी साधनांची जागा शिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबू अशा परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंनी घेतली. घराच्या अंगणात भरणाऱ्या या बालवाडीस 'अंगणवाडी' हे नाव मिळाले.

या पद्धतीचे दोन परिणाम झाले. पहिला खर्चाचा: इमारत व परदेशी धर्तीची साधने वगळल्याने बालशिक्षण खेड्याच्या आवाक्यात आले. दुसरा अधिक दूरगामी होता. वर्ग अंगणात भरत असल्यामुळे आई, आजी व शेजारच्या बायका तो पाहू लागल्या. स्वच्छता, आहार व आजारपण यांविषयीची चर्चा आपोआप घडू लागली आणि बालशिक्षण हे कुटुंबाच्या शिक्षणाचे साधन बनले. स्थानिक स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन बालसेविका बनवण्याचे कामही केंद्राने हाती घेतले.

कोसबाड: विकासवाडी व कुरणशाळा

बोर्डीतील दशकभराच्या अनुभवानंतर, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. बोर्डी हे संमिश्र वस्तीचे किनारी गाव होते, तर कोसबाड थेट वारली पाड्यांच्या मध्यभागी होते. येथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिल्याने त्याला सांभाळणारी थोरली बहीण शाळेत बसू शकली. मुलींच्या गळतीवरील हा उपाय कोणत्याही सक्तीशिवाय लागू पडला.

गुरे चारण्यासाठी जाणारी मुले मात्र दिवसाच्या शाळेत येऊ शकत नव्हती. गुराखी मुलाची मजुरी ही घराच्या उत्पन्नाचा भाग होती, आणि ती सोडून देणे कुटुंबास परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी 'कुरणशाळा' सुरू झाली. गुरे चरत असतील त्या माळावर शिक्षकाने जायचे, झाडाखाली फळा टेकवायचा आणि गुरांकडे लक्ष ठेवत मुलांनी शिकायचे, असे तिचे स्वरूप होते. दिवसभर कामावर असणाऱ्या मोठ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालवले गेले.

या कार्यासाठी ताराबाई मोडक यांना १९६२ साली पद्मभूषण पुरस्काराने गौरवण्यात आले. त्यांच्या निधनानंतर संस्थेची धुरा अनुताईंनी वाहिली. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री व जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या पुस्तकात या अनुभवांचे कथन आहे. १९८२ साली अनुताई वाघ व प्रा. रमेश पानसे यांनी स्थापन केलेली ग्राममंगल ही संस्था डहाणू तालुक्यातील ऐने येथे कार्यरत असून ती या परंपरेचा पुढचा टप्पा मानली जाते.

राष्ट्रीय स्तरावरील प्रभाव

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. या योजनेच्या गावपातळीवरील केंद्रास 'अंगणवाडी' असे नाव देण्यात आले व आज देशभरात हाच शब्द रूढ आहे. शासकीय अंगणवाडीत पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सेवा एकत्र येतात. बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगात बालशिक्षण केंद्रस्थानी होते, तर शासकीय योजनेत प्रत्यक्षात पोषणाला अधिक वजन मिळाले, असे मत बालशिक्षणाच्या अभ्यासकांकडून मांडले जाते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ या वयोगटाचा 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्रित विचार केल्यामुळे या चर्चेला नव्याने चालना मिळाली आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळा

रचना

महाराष्ट्रात ग्रामीण भागातील सार्वजनिक प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी जिल्हा परिषदेवर आहे. स्वातंत्र्यापूर्वी हे काम लोकल बोर्डांकडे व नंतर जिल्हा स्कूल बोर्डांकडे होते. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ अन्वये १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. अमेरिकेतील शालेय जिल्ह्यांप्रमाणे केवळ शाळांसाठी निवडलेले मंडळ व शाळांसाठी स्वतंत्र स्थानिक कर अशी व्यवस्था येथे नाही. शिक्षण हा जिल्हा परिषदेच्या अनेक विषयांपैकी एक असून शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्य शासनाच्या अनुदानावर असतो.

पालघर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचे प्रमुख शिक्षणाधिकारी असतात. डहाणू पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी आणि त्यानंतर केंद्रप्रमुख अशी उतरंड आहे. साधारणपणे दहा शाळांचे एक केंद्र मानले जाते. केंद्रशाळेत परिसरातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदा होतात, पाठ्यपुस्तकांचे वाटप होते आणि माहिती संकलित केली जाते.

शाळापातळीवर शाळा व्यवस्थापन समिती असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ (अंमलबजावणी १ एप्रिल २०१०) नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असणे आवश्यक आहे. डहाणू तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत असल्याने येथे पेसा कायदा लागू आहे. त्यामुळे ग्रामसभेस गावातील सामाजिक संस्थांवर देखरेखीचा अधिकार आहे.

शाळांचे प्रकार

परिसरात चार प्रकारच्या शाळा आढळतात.

* जिल्हा परिषद शाळा: मुख्यतः मराठी माध्यमाच्या. सीमावर्ती पट्ट्यात काही शाळा गुजराती माध्यमाच्या आहेत. अनेक पाड्यांवर पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळा आहेत.
* खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा: बोर्डीचे हकीमजी विद्यालय या गटात मोडते.
* आश्रमशाळा: आदिवासी विकास विभागाच्या शासकीय व अनुदानित निवासी शाळा. डहाणू येथे या विभागाचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे.
* स्वयंअर्थसहाय्यित शाळा: बहुतांशी इंग्रजी माध्यमाच्या व रेल्वेलगतच्या मोठ्या गावांत एकवटलेल्या.

शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना मोफत पाठ्यपुस्तके व शालेय पोषण आहार मिळतो. पाड्यावरील शाळेत दुपारच्या खिचडीचे महत्त्व उपस्थितीच्या दृष्टीने मोठे आहे.

आव्हाने

भाषा. वारली घरातील मूल पहिलीत येते तेव्हा प्रमाण मराठी त्याला जवळजवळ परकी असते. घरातील वस्तू, प्राणी, नाती यांचे त्याचे शब्द पाठ्यपुस्तकात नसतात. शिक्षक बहुधा घाटावरून किंवा अन्य जिल्ह्यांतून आलेला असतो व त्याला वारली येत नाही. पहिल्या दोन इयत्तांत मूल गप्प बसते आणि हे गप्प बसणे अनेकदा मंदपणा समजले जाते. अनुताई वाघ यांच्या प्रशिक्षणात स्थानिक स्त्रियांना शिक्षिका म्हणून घडवण्यावर भर होता, त्याचे एक कारण हेच होते. बोलीतून सुरुवात करून प्रमाण मराठीकडे जाण्याचा मार्ग काही शिक्षकांनी शब्दसूची, गाणी व चित्रे यांच्या साहाय्याने स्वीकारला आहे.

स्थलांतर. भाताची कापणी संपल्यानंतर जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, रेती व बांधकाम यांवरील मजुरीसाठी वसई, भिवंडी व गुजरातकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. दिवाळीनंतर वर्गातील मुले कमी होऊ लागतात. वसई तालुक्यातील उसगाव येथे मुख्यालय असलेल्या विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी 'भोंगाशाळा' सुरू केल्या. भट्टीवरील मजुराच्या झोपडीस 'भोंगा' म्हणतात. तशाच झोपडीत ही शाळा भरे. मूळ गावी मुलांना थांबवून घेण्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे.

शिक्षकांची उपलब्धता. दुर्गम शाळांत नियुक्ती झालेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने स्वजिल्ह्यात परततात व जागा रिक्त राहतात. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक बदलून गेला की चार-पाच इयत्ता एकाच व्यक्तीवर येतात. त्यातच निवडणूक, सर्वेक्षण व ऑनलाइन माहिती भरण्याची कामे असतात.

पटसंख्या. इंग्रजी माध्यमाकडे वाढता ओढा, घटता जन्मदर व स्थलांतर यांमुळे अनेक जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या खालावली आहे. २०२३ साली राज्य शासनाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा विकसित करण्याचा विचार पुढे आणला. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, ग्रंथालय व क्रीडांगण देता येईल, ही त्यामागील भूमिका होती. विरोधकांच्या मते ओढे-नाल्यांनी विभागलेल्या पाड्यांतील लहान मुले, विशेषतः मुली, दूरच्या शाळेत जाणार नाहीत व गळती वाढेल. शिक्षण हक्क कायद्यातील निकषानुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित आहे. बोर्डीच्या इतिहासाच्या संदर्भात हा वाद म्हणजे १९४५ सालच्या प्रश्नाचेच दुसरे रूप आहे: मुलाने शाळेपर्यंत जायचे की शाळेने मुलापर्यंत.

नैसर्गिक आपत्ती व महामारी. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे सौम्य ते मध्यम धक्के मालिकेने जाणवू लागले. धुंदलवाडी परिसरात त्यांचा जोर अधिक होता. भीतीमुळे कुटुंबे रात्री घराबाहेर झोपू लागली आणि काही काळ शाळांचे वर्गही इमारतीबाहेर भरवावे लागले. २०२० साली कोविड महामारीमुळे शाळा बंद झाल्यावर स्मार्टफोन व मोबाइलचे जाळे नसलेल्या पाड्यांत ऑनलाइन शिक्षण पोहोचू शकले नाही. अशा वेळी जिल्ह्यातील अनेक शिक्षकांनी पाड्यावर जाऊन अंगणात, झाडाखाली वा समाजमंदिरात लहान गटांचे वर्ग घेतले.

वसई-विरारशी तुलना

एकाच जिल्हा परिषदेच्या क्षेत्रात शाळांची स्थिती किती भिन्न असू शकते, हे जिल्ह्याच्या दोन टोकांकडे पाहिल्यास लक्षात येते. दक्षिण टोकाकडील वसई-विरार परिसर रेल्वेच्या उपनगरी सेवेमुळे झपाट्याने शहरी बनला व ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. तथापि महापालिका हद्दीतील सार्वजनिक प्राथमिक शाळा त्यानंतरही अनेक वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. तेथील प्रश्न जुन्या इमारती, अपुरी जागा व खाजगी शाळांशी स्पर्धा हा आहे. बोर्डीच्या पूर्वेकडील पाड्यांवर जागा पुरेशी आहे. तेथे प्रश्न आहे तो अंतर, भाषा व स्थलांतर यांचा. उपनगरातील दाट वस्ती आणि डोंगरावरील विखुरलेले पाडे यांना एकच प्रशासकीय यंत्रणा व सारखेच निकष लागू होतात, हे या जिल्ह्याच्या शिक्षण व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय.

पर्यटन

बोर्डीचा किनारा स्वच्छ, उथळ व सुरूच्या झाडांनी वेढलेला आहे. अस्वाली धरण, बहारोट लेणी, घोलवडच्या चिकू बागा आणि कोसबाडची टेकडी ही जवळची प्रेक्षणीय स्थळे होत. पारशी भाविकांचे तीर्थक्षेत्र असलेले उदवाडा गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात आहे. शालेय सहली व निवासी शिबिरांसाठी मुंबई व ठाणे परिसरातील शाळा बोर्डीस येतात.

दळणवळण

घोलवड रेल्वे स्थानकावरून रिक्षाने बोर्डीस जाता येते. डहाणू आगारातून राज्य परिवहन महामंडळाच्या बस उपलब्ध आहेत. तालुक्याच्या पूर्व भागातून जाणारा मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग तलासरीमार्गे या परिसरास जोडलेला आहे. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या पाड्यांवरील मुलींसाठी सकाळ-संध्याकाळची बस हेच शिक्षण सुरू राहण्याचे मुख्य साधन असते. ग्रामीण विद्यार्थिनींना राज्य परिवहनच्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे.

हे सुद्धा पहा

* ताराबाई मोडक
* अनुताई वाघ
* गिजुभाई बधेका
* कोसबाड
* घोलवड
* डहाणू तालुका
* पालघर जिल्हा
* वारली चित्रकला
* एकात्मिक बाल विकास सेवा योजना